झेड-एटीवरचं कुंकू

भेटायला आलेल्या माणसांसमोर आई ती गोष्ट सांगायला लागली, की नयना उठून स्वयंपाकघरात जायची. कॉफीचं निमित्त असायचंच. पण जीवनभीमानगरातलं ते घर एवढंसं, की ओट्यापाशी उभं राहिलं तरी बाहेरच्या खोलीतला शब्द न् शब्द ऐकू यायचा.

"माझ्या हातून जळला हो त्यांचा कॉम्प्युटर," आई सांगायची. "विकतचा नव्हे, स्वतः बनवलेला. किती वर्षं, रविवार म्हणाले नाहीत की सण म्हणाले नाहीत. आणि मी आयुधपूजेला त्याच्यावर ओलं कुंकू टेकवलं. संध्याकाळी माणसं बघायला आली, तर बंद! दुसरा कुणी असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. हे मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. तेव्हा नाही आणि नंतर कधीच नाही."

ऐकणारी माणसं हळहळायची. असा नवरा मिळायला भाग्य लागतं म्हणायची. मग आई डोळ्यांना पदर लावायची आणि नयना कपांचा ट्रे घेऊन बाहेर यायची.

बाबांना जाऊन महिना होत आला होता. उमाकांत नावाचा हा माणूस पन्नासएक वर्षांपूर्वी मिरजेहून बेंगळुरूला आला, सरकारी कारखान्यात टेलिफोनची यंत्रं बनवत राहिला, तिथूनच निवृत्त झाला, आणि एका सकाळी देवपूजा आटोपून पेपर उघडत असताना छातीत कळ येऊन कोसळला. तेव्हापासून नयना मारतहळ्ळीचं आपलं घर नवऱ्यावर सोपवून आईजवळ राहत होती. ती सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअलं लिहायची. कुठलीही गुंतागुंतीची गोष्ट पायरीपायरीनं कशी मांडावी हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याच रीतीनं ती मृत्यूनंतरची कामं उरकत होती. बँक झाली. पेन्शनचं ऑफिस झालं. बाबांच्या चपला कुणाला द्यायच्या ते तेवढं राहिलं होतं. तो प्रश्न ती रोज उद्यावर ढकलत होती.

त्या आयुधपूजेच्या वेळी नयना आठेक वर्षांची होती. तिलाही थोडं आठवत होतं. खंडेनवमी म्हणजे या गावात यंत्रांचा सण. कारखान्यात लेथपासून लिफ्टपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडायच्या, चुरमुरे वाटले जायचे, रस्त्यात कोहळे फुटायचे. घरी आई हॉलमध्ये चादर अंथरून तिच्यावर बाबांचा मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, स्वतःचं शिवणयंत्र असं सगळं मांडायची. त्या वर्षी मधोमध तो कॉम्प्युटर होता. सनमायका लावलेली लाकडी पेटी, संध्याकाळी पाहुण्यांना आतली कारागिरी दिसावी म्हणून झाकण काढून ठेवलेली. आत हिरव्या पाटीवर काळ्या चिपांच्या रांगा. त्यांतली एक सगळ्यांत लांब, चाळीस पायांची, गोमेसारखी. आईनं हळदीकुंकवाचं बोट तिच्यावर टेकवलं. सगळ्यांत मोठी ती, म्हणजे मान तिचा.

संध्याकाळी शेजारपाजारचे आणि कारखान्यातले लोक जमले. बाबांनी बटण दाबलं. टीव्हीवर क्षणभर अक्षरं उमटली, मग त्यांचा कचरा झाला आणि पडदा गोठला. पुन्हा बटण, पुन्हा तोच कचरा. शेवटी कुणीतरी वाकून आत बघितलं आणि म्हणालं, "अय्यो, सार, कुंकू! ओलं आहे. शॉर्ट झालं असणार." सगळ्यांनी त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं, मग आईकडे. बाबांनी पेटीवर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "चला, फराळ करून घ्या."

एवढंच. पुढे पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. त्यानंतर आईनं कधी कुठल्या यंत्राला कुंकू लावलं नाही. नवी गाडी, नवा मिक्सर, काहीही घरात आलं की ती नयनाच्या हातात करंडा द्यायची.

आता आईच्याच सांगण्यावरून पेटी खाली आली होती. होसकोट्याच्या पुढे एका इंजिनिअरिंग कॉलेजात श्रीवत्स नावाचा प्राध्यापक जुने घरगुती कॉम्प्युटर गोळा करून एक दालन उभं करत होता. नयनाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं त्याचा नंबर दिला होता. आई लगेच तयार झाली. फक्त तिची एक अट होती.

"शेजारी पाटी लावतात ना, नाव-गाव लिहून? तिच्यावर बंद का पडला तेही लिहायला सांग."

"ते कशाला, आई?"

"कशाला म्हणजे? बंद पडलेला बघून लोक म्हणतील, बनवला पण जमला नाही बिचाऱ्याला. यांच्या माथी नको ते. स्पष्ट लिहा म्हणावं, बायकोनं कुंकू लावलं म्हणून जळला."

नयनानं तेव्हा वाद घातला नाही. बघू, म्हणाली.

*

श्रीवत्स चाळिशीचा, गबाळा, आणि उत्साहानं फसफसणारा माणूस निघाला. त्याच्या खोलीत टेबलांवर जुन्या कॉम्प्युटरांची जत्रा भरली होती. कीबोर्डातच सगळं मावलेले, घरच्या टीव्हीला जोडायचे, काहींच्या कळा रबराच्या. पेटी उघडण्याआधी त्यानं नयनाला सगळं फिरवून दाखवलं. बोलायला कुणीतरी फार दिवसांनी भेटलेलं दिसत होतं.

"ही बघा ८०८०. सत्तरच्या दशकात ही आली आणि पहिल्यांदा सामान्य माणसाला वाटलं, आपण घरी कॉम्प्युटर बनवू शकतो. पण महाग किती! शिवाय तीन वेगवेगळे व्होल्टेज मागायची. श्रीमंत घरच्या जावयासारखी. मग ही ६५०२ आली, पंचवीस डॉलरला. लोकांना आधी फसवणूकच वाटली. आणि पाठोपाठ झेड-एटी. ८०८० बनवणाऱ्यांतलेच काही बाहेर पडले आणि त्यांनी ती केली. जुनीची सगळी भाषा हिला समजायची, वर एका पाच व्होल्टवर भागायचं. माझ्या मते कॉम्प्युटर माणसाच्या घरात आणला तो या दोघींनी. बाकीचे नंतर आले."

"बाबांची झेड-एटी होती," नयना म्हणाली. एवढं तिला माहीत होतं. ती चिप अमेरिकेहून आतेभावाबरोबर लोणच्याची रिकामी बरणी परत यावी तशी कपड्यांत गुंडाळून आली होती, हे घरात अनेकदा सांगितलं जायचं.

श्रीवत्सनं झाकण काढलं आणि काही वेळ नुसता बघत राहिला. "काय हाताचं काम आहे," तो हलकेच म्हणाला. मग त्यानं भिंग घेतलं. "हे काय आहे चिपवर? तपकिरी?"

"कुंकू."

तो हसला, आणि तिच्याकडे बघून थांबला. "आमच्याही घरी लावतात," तो म्हणाला. नयनानं त्याला सगळं सांगितलं. आईची पाटीची अटही सांगितली.

"वरून लावलेल्या कुंकवानं?" श्रीवत्सनं डोकं खाजवलं. "वरती तर नुसतं कवच आहे. पाणी पायांपर्यंत ओघळलं असेल तर... पण तरी वाळल्यावर... थांबा. बघूनच टाकू."

त्यानं चिप सावकाश उपसली. शेजारच्या टेबलावरचा झेड-एटीवाला एक चालू कॉम्प्युटर उघडला, त्याची चिप काढली आणि तिच्या जागी बाबांची बसवली. तपकिरी ठिपक्यासकट. बटण दाबलं. छोट्या टीव्हीवर पांढरा पडदा उजळला आणि कोपऱ्यात चौकट लुकलुकू लागली. श्रीवत्सनं दोन ओळींचा प्रोग्राम टाइप केला. एकापाठोपाठ एक आकडे पडद्यावर उतरू लागले आणि उतरतच राहिले.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"मॅडम, समोर चाललीय की."

नयना आकड्यांकडे बघत राहिली. आधी तिला वाटला तो नुसता आनंद. आता घरी जाऊन आईला सांगायचं, तुझ्या कुंकवानं काही झालं नव्हतं. मग श्रीवत्सनं मेमरीचा बोर्ड बाहेर काढला, चिपांवरचे आकडे वाचले, आणि शीळ घातली.

"सापडलं. ऐका. ही मेमरी विसराळू असते. मिनिटाला हजारो वेळा तिला आठवण करून द्यावी लागते, नाहीतर लिहिलेलं पुसलं जातं. झेड-एटीचा मोठा गुण हाच, की ही आठवण ती स्वतः करून देते, वेगळी यंत्रणा लागत नाही. पण तिनं हा हिशेब केला जुन्या, लहान मेमरीसाठी. पुढे मोठ्या मेमरी चिपा आल्या. त्यांतल्या काहींना दुप्पट घरांची आठवण लागायची. तुमच्या वडिलांनी त्याच बसवल्यात. झेड-एटी अर्ध्या घरांना हाक मारते, उरलेली अर्धी विसरून जातात. लगेच लिहून लगेच वाचलं तर सगळं बरोबर दिसतं. थोडं थांबलं की कचरा."

"ही मेमरी त्यांनी केव्हा बसवली असेल?"

"ते मी कसं सांगू? पण हा बोर्ड बाकीच्यांपेक्षा नवा आहे."

नयनाला आठवलं, सणाआधी बाबा कसलासा नवा बोर्ड घेऊन खुशीत होते. पाहुण्यांपुढे दाखवायला म्हणून घाईनं बसवला असणार.

"म्हणजे चूक त्यांची होती. आणि त्यांना ती कळली नाही," ती म्हणाली.

श्रीवत्स थोडा घुटमळला. मग त्यानं बोर्डाचा कोपरा तिच्यापुढे धरला. तिथे एक छोटं रिकामं सॉकेट होतं. त्याच्या पायांना पिवळ्या वायरी डकवल्या होत्या. बाकी सगळीकडे वायरी निळ्या.

"कळली होती. दुरुस्ती हीच असते. एक लहानशी चिप, चार वायरी. वायरी लावून झाल्यात. नुसती चिप खोचायची बाकी आहे." त्यानं बोर्ड खाली ठेवला. "माझ्याकडे ही चिप आहे. बसवू?"

"नको," नयना म्हणाली. "आज नको."

निघताना तो म्हणाला, "पाटीचा मजकूर शुक्रवारपर्यंत द्या. सगळ्या एकदम छापायच्या आहेत."

*

योगीराज काका बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरला राहायचे. बाबांचे कारखान्यातले जोडीदार. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं, आणि बाबांना चिडवायला त्यांना तेवढं पुरायचं. बाबांच्या जाण्यानंतर ते एकदाच येऊन गेले होते. गुडघे साथ देत नव्हते. नयना गेली तेव्हा ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते. गल्लीतून हॉर्न आणि बसकंडक्टरांच्या आरोळ्या येत होत्या.

"ये गे. कॉफी सांगू? नको काय म्हणतेस, स्वल्प घे की."

तिनं पेटीचं नाव काढताच ते खुदकन हसले.

"किती सांगितलं होतं तुझ्या बापाला, ६५०२ घे म्हणून. माझ्याकडे ६५०२च होती. स्कूटरवर बसून पण आम्ही तेच भांडायचो. तो म्हणायचा, 'योग्या, माझी चिप मेमरीला स्वतः उठवते, तुझी घोरत पडते.' मी म्हणायचो, 'तुम्ही मिरजेचे लोक तंबोरे करा, हे आम्हांला सोडा.'"

"काका, तो बंद का पडला होता?"

हसू गेलं.

"कुणी उघडला?"

"होसकोट्याचे एक प्राध्यापक. चिप चांगली आहे म्हणाले. आणि पिवळ्या वायरी दाखवल्या."

"हं," ते म्हणाले. आतून सून कॉफी ठेवून गेली. ती जाईपर्यंत ते बोलले नाहीत.

"हे बघ. आधी त्याला पण कुंकवाचंच वाटलं. खरंच वाटलं. चिपचे पाय स्पिरिटनं धुतले, वाळवले, काही नाही. गेली म्हणाला. आता बघायचं कसं? माझ्या मशीनमध्ये ६५०२, तिथं झेड-एटी बसतच नाही. एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तेव्हा कुठली मिळायला? पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या आतेभावानं दुसरी आणली. बसवली. तरी तोच कचरा! परत जुनीच खोचली आणि डोकं धरून बसलो दोघं. इथंच, माडीवर. मग सापडलं त्याला. त्यालाच सापडलं, मला नाही. आधी एवढा हसला, एवढा हसला... मग एकदम गप्प झाला."

"आईला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं की, उमा, आज घरी जाऊन पहिलं अक्काला सांग. 'सांगतो,' म्हणाला. पुढच्या रविवारी विचारलं. 'सांगतो रे.' मग पावसाळा आला, दसरा आला. त्या दसऱ्याला तुझ्या आईनं करंडा तुझ्या हातात दिला, ते त्यानं बघितलं. मला म्हणाला, 'आता कसं सांगू? ती पहिलं विचारेल, इतके दिवस का गप्प होता? आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.'"

"निदान दुरुस्त तरी करायचा."

"केला असता तर चालला असता की! चालला असता तर अक्कानं विचारलं असतं, काय झालं होतं? तुझ्या बापाला खोटं बोलायला जमत नव्हतं गे. गप्प बसायला जमायचं." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "एवढी आवडीची वस्तू. ती माळ्यावर टाकली, आणि परत सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नाही त्यानं. बायको जे भोगत होती, त्याचा वाटा उचलत होता की काय, देवाला ठाऊक. मला ते बरं वाटलं नव्हतं. पण नवरा-बायकोमध्ये मी कोण पडणार?"

नयनाला बाबांचा राग यायला हवा होता. तो येत नव्हता. डोळ्यांपुढे येत होते ते निवृत्तीनंतरचे बाबा. दुपारी आई झोपली, की तिचं बंद पडलेलं शिवणयंत्र तेल घालून, पुसून, पुन्हा सुरू करून ठेवणारे, आणि विचारलं तर 'आपोआप चाललं' म्हणणारे.

"मी सांगू का आईला?" तिनं विचारलं.

"मला नको विचारू. मी पण त्याच्यातलाच."

*

घरी परतताना रिंग रोडला गाड्या तुंबलेल्या होत्या, आणि विचार करायला भरपूर वेळ मिळाला. न सांगणं सोपं होतं. पाटीवर जागा नाही म्हणतात, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. आईजवळ आता उरलं होतं काय? एक माणूस आणि त्याची ही एक गोष्ट. आलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगायची आणि सांगून झाली की तिचा चेहरा थोडा सैल व्हायचा. तीच काढून घ्यायची? बदल्यात द्यायचं काय, तर आपली चूक दुसऱ्याच्या नावावर राहू देणारा नवरा. नयनानं ठरवून टाकलं, नाही सांगायचं.

आई जेवणघरात मेथी निवडत बसली होती.

"काय म्हणाले तुझे प्राध्यापक? पाटीचं बोललीस का?"

"मजकूर मागितलाय."

"मग लिही की." आईनं मेथीची काडी बाजूला टाकली आणि जरा आठवल्यासारखं करून शाळेतल्या बाईंसारखं सांगू लागली, "श्री. उमाकांत यांनी राहत्या घरी बनवलेला. पत्नीनं पूजेत ओलं कुंकू लावल्यामुळे बंद पडला. आणि कंसात लिही, पाणी जास्त झालं होतं. नुसतं कुंकू म्हटलं तर कुंकवालाच दोष लागायचा."

"आई, एवढं मावायचं नाही पाटीवर."

"मावेल. बारीक लिहा म्हणावं."

नयनानं फोन हातात घेतला, पण तिच्या बोटांनी काही लिहिलं नाही. आई मेथीकडे बघतच बोलत होती.

"माझ्या हाताचं कुंकू कशाला लाभलंच नाही ग. तेव्हापासून मी धसकाच घेतला. त्या दिवशी बघ, यांना ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते. समोरची म्हणाली, विमलाबाई, अंगारा तरी लावा कपाळाला. डबी माझ्याच हातात होती. मी म्हटलं, तुम्ही लावा. माझा हात नको." ती थांबली. "शेवटचा हात लावायचा, तोही नाही लावला."

नयनानं फोन खाली ठेवला. रस्त्यात जे ठरवलं होतं त्याचं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं.

"आई, कुंकवानं काही झालं नव्हतं."

"असू दे ग. समजूत नको काढूस."

"समजूत नाही. आज मी डोळ्यांनी बघितलं. तुझ्या कुंकवाचा ठिपका अजून आहे तिच्यावर, आणि ती चिप चालते. बिघडली होती मेमरी. बाबांनी सणाच्या तोंडावर नवी बसवली होती, ती त्या चिपेला पेलवणारी नव्हती. चूक त्यांची होती."

आईचे हात चालूच होते. पण आता काड्या निवडलेल्या मेथीत पडत होत्या आणि पानं कचऱ्यात.

"परत सांग," ती म्हणाली.

नयनानं परत सांगितलं. पायरीपायरीनं, मॅन्युअल लिहावं तसं, खोचायच्या राहिलेल्या चिपेपर्यंत.

"यांना कळलं होतं हे?"

हाच प्रश्न येणार होता. नयनाला वाटलं, इथे थांबता येईल. 'नाही' एवढा एक शब्द. पण तसं करून तीही त्याच रांगेत जाऊन बसली असती.

"हो."

"कधी?"

"पुढच्या उन्हाळ्यात. योगीराज काकांच्या माडीवर."

"म्हणजे भाऊजींना पण ठाऊक." आई उठली. पदराला चिकटलेली पानं तिनं झटकली नाहीत. बाहेरच्या खोलीत हार घातलेला फोटो होता, तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "फोन लाव त्यांना."

"आई, उद्या बोल. आता—"

"लाव म्हणते ना!"

इतक्या दिवसांत आईचा आवाज पहिल्यांदाच असा चढला होता. नयनानं फोन लावला. आईनं तो हातातून ओढून घेतला.

"भाऊजी, विमला बोलतेय. ... कशी आहे ते सोडा. नयनानं मला सगळं सांगितलं. तुम्हांला लाज नाही वाटली? दर दिवाळीला माझ्या हातचे चिरोटे खाऊन जात होतात! 'अक्का, अजून एक वाढ,' म्हणत होतात! तोंड उघडून एवढं सांगता आलं नाही?"

पलीकडून काय आलं ते नयनाला ऐकू आलं नाही. आई ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतीच.

"माझ्या घरात मिक्सर आला, फ्रिज आला, पोरीची गाडी आली. एकालाही हात लावला नाही मी! शेजारणी हसायच्या. सासूबाई जाईपर्यंत बोलल्या, यंत्रांना हिचा हात अवलक्षणी म्हणाल्या. समोर बसून ऐकलं की सगळ्यांनी! कुणाला वाटलं नाही, हिला सांगावं? आणि मी येड्यासारखी गावभर सांगत सुटलेय, देवमाणूस होता, देवमाणूस होता. कसला देवमाणूस! भित्रा! एक नंबरचा भित्रा माणूस!"

तिचा श्वास चढला होता. नयना पाण्याचा पेला घेऊन जवळ गेली. आईनं हातानंच तिला दूर केलं.

"मी काय केलं असतं? हसले असते! चार दिवस चिडवलं असतं, दुसरं काय! म्हटलं असतं, एवढे मोठे इंजिनिअर आणि... अहो, सांगायचं ना मला! एकदा तरी सांगायचं, अहो!"

आणि ती थांबली. आपण कुणाला काय म्हणालो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. फोन कानाशी तसाच होता. बाहेर भाजीवाल्याच्या हातगाडीचा भोंगा वाजत वाजत पुढे गेला. खोलीत इतकी शांतता झाली, की पलीकडचा आवाज आता नयनालाही ऐकू आला.

"चुकलं," योगीराज काका म्हणाले. जन्मभरात त्यांनी आईशी बोलताना वाक्याला 'अक्का' जोडलं नाही असं कधी झालं नव्हतं. आज त्यांनी जोडलं नाही. "सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

आई खुर्चीचा हात चाचपत खाली बसली.

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "हं. बरं."

तिनं फोन नयनाच्या हातात दिला, आणि पदर तोंडाला लावून, माणसं भेटायला आल्यावर रडायची तशी नव्हे, तर मोठ्यानं, रागानं, नाक वाजवत रडू लागली. नयना शेजारी बसली. काही वेळानं आपलेही गाल ओले झालेत हे तिच्या लक्षात आलं, आणि ती पुसायला उठली नाही.

रडणं ओसरल्यावर आई पाणी प्यायली.

"तो प्राध्यापक," तिनं विचारलं, "ती उरलेली चिप बसवू शकेल म्हणालीस ना?"

"हो. त्याच्याकडे आहे."

"मग बसव म्हणावं. मी येते बघायला. चालताना एकदा बघते." तिनं मेथीचं ताट पुढे ओढलं आणि चुकून पडलेल्या काड्या वेचायला लागली. "पाटीचं त्यानंतर बघू."